पाव काही फुगेना

डिसेंबरात नाशिकला पहाटे स्वयंपाकघरात पाय ठेवला की फरशीच सांगते, आज पाव व्हायचा नाही. मला ते ऐकू यायला तीन पाव वाया घालवावे लागले.

उन्हाळ्यात ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, आणला तेव्हा सगळं सोपं वाटलं होतं. 200 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम कणीक, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 8 ग्रॅम मीठ, 280 मिली पाणी. मळून झाकून ठेवलं की तासाभरात दुप्पट. तेच माप थंडीत घेतलं आणि तासाने झाकण काढलं, तर गोळा जसा ठेवला तसाच. दोन तासांनीही तसाच. कंटाळून भाजून टाकला, तर वीट निघाली.

खापर यीस्टवर फोडलं. नवी पुडी आणली आणि हुशारी करून पाणी चांगलं गरम घेतलं. हा पाव पहिल्याहूनही बसका. यीस्ट जिवंत असतं, 55-60 अंशांच्या पुढे ते मरतं, हे मी वाचलेलं होतं. फक्त चहाच्या पातेल्यातलं पाणी किती तापलंय याचा विचार केला नाही. आता माझं माप एकच, पाण्यात बोट बुडवून निवांत दहा आकडे मोजता आले पाहिजेत.

तिसऱ्या वेळी थंडी आहे म्हणून निम्मी कणीक काढून बाजरीचं पीठ घातलं. बाजरीत ग्लुटेन नाही, म्हणजे हवा धरून ठेवणारी जाळीच कमी पडते. त्यात पीठ पंधरा दिवसांचं. बाजरीच्या पिठातली चरबी लवकर खवट होते, त्यामुळे पाव कडूही लागला. आईने एक घास खाल्ला आणि उरलेला तुकडा चहाच्या बशीत ठेवून दिला. तिच्या भाषेत हा निकाल.

मग तीच म्हणाली, "अरे, थंडीत इडलीचं पीठ मी कसं ठेवते, बघितलंस ना कधी?"

बघितलं होतं. शालीत गुंडाळून. पण शाल ऊब धरून ठेवते, तयार करत नाही, आणि आमचं स्वयंपाकघर 16 अंशांवर असतं. यीस्टला साधारण 25-28 अंश लागतात. म्हणून डब्याशेजारी रबराची गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि दोन्ही एकाच शालीत बांधली. "माझ्या गुडघ्यांची पिशवी पावाला?" आई म्हणाली, पण दिली. पावणेदोन तासांनी शाल सोडली तर पीठ झाकणाला टेकलेलं! बोट दाबलं की खड्डा हळूहळू निम्माच भरून येत होता. तेच बघायचं असतं, घड्याळ नाही. टिनमध्ये घालून पुन्हा पाऊण तास, मग 200 अंशांवर 35 मिनिटं. त्या दिवशी घरभर पावाचा वास होता.

पाव रोज होत नाही, म्हणून मधल्या दिवसांसाठी नाश्त्याचे प्रयोग सुरू केले. रात्री दुधात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे ओट्स आधी केले. सकाळी सहाला, अंगावर स्वेटर, हातात फ्रिजमधला वाडगा. चार चमच्यांत दात शिवशिवले. तो विषय तिथेच संपला.

ग्रॅनोला, म्हणजे ओट्स, सुकामेवा आणि बिया गोडात घोळवून भाजलेलं मिश्रण, मात्र जमला, तोही दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा ओट्स, बदामाचे काप, भोपळ्याच्या बिया, राजगिऱ्याच्या लाह्या आणि बेदाणे सगळं एकदम ट्रेमध्ये ढकललं. लाह्या आधीच फुटलेल्या असतात, त्यांना पुन्हा भाजायचं म्हणजे जाळणंच. बेदाणे गोट्यांसारखे फुगले आणि थंड झाल्यावर दाताला चिकटून बसले. गोडीसाठी गूळ किसून घातला होता, तो कुठे वितळला, कुठे तसाच राहिला.

आईने ट्रे पाहिला. "ही चिक्कीच ना? मग पाक का नाही केलास?"

खरंच की. संक्रांतीला ती चिक्कीचा पाक कडक करते. थेंब पाण्यात टाकला की कटकन मोडला पाहिजे. इथे इतकं नको, ओट्स सुटे राहायला हवेत. 70 ग्रॅम गूळ, दोन चमचे पाणी, तीन चमचे शेंगदाण्याचं तेल आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर ठेवलं, बोटांत एक तार आली की बंद. त्यात 200 ग्रॅम ओट्स, बदाम, बिया, दोन चमचे तीळ. 150 अंशांवर 25 मिनिटं, दर आठ मिनिटांनी उलथनं फिरवायचं, कारण आमच्या ओटीजीचा मागचा कोपरा जास्त तापतो. बाहेर काढल्यावर मऊच लागतं, आणि तिथे माणूस फसतो. आणखी पाच मिनिटं ठेवलं की करपलं. गार झाल्यावरच कुरकुरीत होतं. लाह्या आणि बेदाणे त्यानंतर.

मी तो गार दुधात खातो. आई गरम दूध ओतते, वर झाकण ठेवते, दहा मिनिटांनी खीर झाली की खाते. मी एकदा म्हटलं, कुरकुरीतपणा गेला ना. "थंडीत कुरकुरीत तू खा."

परवा बाजारातून रबराची दुसरी पिशवी आणली. निळी गुडघ्यांची, लाल पावाची. रविवारी पाहिलं तर लाल आईच्या पायाशी होती आणि डब्याजवळ निळी.