मिलेच्या बाया उतरवताना

ऑईल पेंटिंग शिकायचं असंल तर आधी एखादं जुनं मोठं चित्र बसून उतरवा, असं मी आता कोणालाही सांगीन. कॉपी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण व्हॅन गॉगनं सुद्धा १८८९-९० मध्ये सेंट-रेमीच्या दवाखान्यात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराची कितीतरी चित्रं उतरवली, अन् तीही काळ्यापांढऱ्या छापांवरून, रंग आपल्या मनानं लावून.

मी घेतलं तेही मिलेचंच, १८५७ चं ‘द ग्लीनर्स’. गहू सोंगून झालेल्या शेतात तीन बाया सरवा वेचून राहिल्या, बस. मूळ चित्र पॅरिसला ओर्से म्युझियममध्ये आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बसून ते कुठून दिसणार, म्हणून नेटवरून मोठी फाईल घेतली आणि तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून प्रिंट काढली. आकाश मोबाईलवर गुलाबी दिसते, प्रिंटवर पिवळट. मग रंगासाठी दोन्हीवर भरवसा न ठेवता काय गडद, काय फिकं तेवढंच प्रिंटवरून घेतो.

पांढऱ्या कॅनव्हासवर सरळ सुरू नाही केलं. चौकटी आखून रेखाटन घेतलं, मग बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सगळ्यावर फिरवला आणि त्याच एका रंगात आख्खं चित्र उजेड-सावलीत बसवलं. अंबरमध्ये मँगनीज असते म्हणून तो लवकर वाळतो, खालच्या थराला म्हणूनच चांगला. वरच्या थरांमध्ये तेल वाढवत न्यायचं, नाहीतर पुढं भेगा पडतात. अन् हे तेल म्हणजे आपल्या जवसाचंच, ज्याची चटणी आपण रोज भाकरीसोबत खातो! ते उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पण खायचं घाण्यावरचं तेल रंगात घालू नका, त्यात गाळ असतो आणि ते जास्त पिवळं पडते. चित्रासाठी शुद्ध केलेलं वेगळं मिळते, मी नागपूरहून सीताबर्डीवरून आणतो.

खरी मजा बायांपाशी आली. मला वाटे आधी शेत रंगवू आणि मग त्याच्यावर बाया काढू, पण मिलेचं चित्र तसं बनतच नाही. वाकलेल्या दोघी पूर्ण क्षितिजाच्या खाली आहेत, त्यांच्या डोक्यामागं आकाश नाही, जमीनच आहे. त्यामुळे लुगड्याच्या... म्हणजे त्यांच्या घागऱ्याच्या सावलीत जो तपकिरी लागतो तोच धसकटाच्या सावलीत लागतो, तोच हातावर. एकच रंग कालवून तिन्ही ठिकाणी ब्रश फिरवला तेव्हा बाई शेतात उभी राहिली, तोवर ती चिकटवल्यासारखी दिसे. कडासुद्धा सगळीकडे धारदार नाहीत, सावलीकडची कड जमिनीत विरघळू द्यायची, फक्त उजेड पडलेल्या पाठीवर अन् खांद्यावर ती नीट काढायची. हे मी व्हिडिओत पन्नासदा ऐकलं असंल, पण हाताला कळलं ते इथंच.

शेजारच्या काकू रोज डोकावतात. त्यांनी सोयाबीनचा सरवा उभ्या जन्मात वेचलेला. प्रिंटकडे बघून म्हणे, “हे डावीकडची लय येळची वाकेल हाय, पाह्य कसा हात पाठीवर घेतला तिनं.” त्या हातात वेचलेल्या काड्यांची पेंढी आहे, पण काकू म्हणतात ते खरं, तो हात कमरेला आधार देते. मी तोवर त्याला फक्त आकार म्हणून पाहत होतो. मग तो खांदा पुन्हा काढला, थोडा खाली ओढून, अन् पाठीचं वजन आलं.

आता मागचं राहिलं. दूर उजेडात गव्हाच्या गंज्या, भरलेली गाडी, अन् उजवीकडे घोड्यावरचा मुकादम, एवढासा. तिथं रंग फिका अन् थंड ठेवायचा, ब्रश दाबायचा नाही. मुकादम चार फटकाऱ्यांत होतो, पण तो सोडून चालणार नाही, त्या गंज्या कोणाच्या अन् खालच्या काड्या कोणाच्या हे त्याच्यामुळंच दिसते. थोडा ऊन-वारा कमी झाला की बसतो, नाहीतर ओल्या रंगावर सगळा फुफाटा चिकटते.