आमची वाटचाल: दहा तारखेच्या रात्रीचं काम

२०१२ साली सांगलीत विश्रामबागला दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही दोघा मित्रांनी सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. पहिली वर्षं किरकोळ वेबसाइटी, मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानाचं पट्टीचं, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचं काम, असंच चाललं. धंद्याला आकार आला तो दूध संस्थांमुळे. आज आमची सहा जणांची टीम आहे आणि निम्म्याहून जास्त काम दुधाचं आहे.

आमच्या भागात दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर. दहा तारखेचं संध्याकाळचं संकलन संपलं की रात्री प्रत्येक उत्पादकाचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर यांचा हिशेब होतो, पेंडीचे आणि अ‍ॅडव्हान्सचे हप्ते कापले जातात आणि सकाळी मोबाइलवर मेसेज जातो. हे सगळं आम्ही क्रॉनवर सोपवलं होतं. ठरलेल्या वेळी ठरलेला प्रोग्रॅम चालवणारी युनिक्सची ही जुनी सोय. एक ओळ लिहिली की काम झालं, असं आम्हाला वाटायचं.

पहिला धक्का साधा होता. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्यामुळं पहाटे साडेपाचच्या आत घातलेलं दूध आदल्या तारखेत जाऊन बसायचं. अकरा तारखेला सव्वापाचला आलेली बाई विचारायची, आजचं दूध मागच्या बिलात कसं? ते लवकर सापडलं आणि दुरुस्तही झालं.

दुसरा धक्का मात्र अजून आठवतो. बिलाचा प्रोग्रॅम चालू असताना मध्येच डेटाबेसशी जोडणी तुटली. आम्ही हुशारी म्हणून लिहून ठेवलं होतं की काम फसलं तर पाच मिनिटांनी पुन्हा चालवायचं. त्यानं ते पुन्हा चालवलं, पण पहिल्यापासून. जोडणी तुटायच्या आधी ज्यांचा हिशेब झाला होता, त्यांचे हप्ते दुसऱ्यांदा कापले गेले. सकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. "साहेब, पेंडीचं पैसं दोनदा कापल्यात. माणसं दारात उभी हायत." दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याच्या बिलातून हजार रुपये जास्त कापले गेले तर त्याच्या त्या दहा दिवसांचं काय होतं, हे मला त्या दिवशी संस्थेच्या कट्ट्यावर उभं राहून कळलं. पैसे दुपारपर्यंत परत जमा केले. पण काही जणांनी पुढची दोन-तीन बिलं हातानं पडताळून घेतली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

उपाय आण्णांच्या टेबलावरच सापडला. ते पैसे देण्याआधी पावती नंबर लिहितात आणि एका नंबरावर दोनदा पैसे देत नाहीत. आम्ही प्रत्येक कपातीला असाच नंबर दिला: संस्था, उत्पादकाचा कोड, बिलाचा कालावधी आणि कपातीचा प्रकार यांचा मिळून एक. तो नंबर दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसच नोंद नाकारतो. शिवाय एका उत्पादकाचं बिल एका व्यवहारात बांधलं, म्हणजे ते झालं तर पूर्ण होतं, नाहीतर अजिबात होत नाही. आता तोच प्रोग्रॅम एका रात्रीत दहा वेळा चालला तरी बिल एकच निघतं. पुन्हा प्रयत्न करण्याची सोय या तयारीशिवाय कुणी लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुन्हा प्रयत्न कशाचा करायचा, हेही हळूहळू कळलं. नेटवर्क गेलं किंवा समोरचा सर्व्हर उत्तर देईना, तर थांबून पुन्हा विचारावं. आम्ही एक, दोन, चार, आठ मिनिटं असं अंतर वाढवत नेतो आणि त्यात काही सेकंद कमी-जास्त करतो, नाहीतर सगळ्या संस्था एकाच क्षणी मेसेजच्या सर्व्हरवर धडकतात. खात्याचा नंबरच चुकीचा असेल तर शंभर वेळा विचारून उपयोग नाही. अशी नोंद बाजूला काढायची आणि बाकीच्यांचं काम पुढं न्यायचं. पूर्वी एका चुकीच्या आयएफएससी कोडमुळं पूर्ण गावाचं पेमेंट अडून राहायचं.

पण सगळ्यात वाईट अपयश ते, ज्याचा आवाजच होत नाही. एका ग्राहकाच्या मशीनवर रोजचा बॅकअप डिस्क भरल्यामुळं नऊ दिवस होत नव्हता. क्रॉन दररोज मेल लिहीत होता, पण तो त्याच मशीनवरच्या पेटीत पडत होता आणि ती कुणी उघडत नव्हतं. तेव्हापासून आम्ही उलटं केलं. काम नीट संपलं की ते दुसऱ्या शहरातल्या आमच्या एका छोट्या सर्व्हरला हाक देतं. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर आमच्यातल्या एकाचा फोन वाजतो. हाकेबरोबर आकडाही येतो, किती बिलं निघाली तो. कारण एकदा काम "यशस्वी" झालं होतं आणि बिलं शून्य होती. सुरुवातीला प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचा मेसेज यायचा. दिवसाला चाळीस मेसेज आले की माणूस वाचणं सोडतो. आता सगळे प्रयत्न संपल्यावरच फोन येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. नदीकाठच्या दोन संस्थांचे संगणक तिथल्या पोरांनी पाठीवरून वरच्या मजल्यावर नेले, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. वीज नव्हती. दहा तारखेची रात्र तशीच गेली. वीज आल्यावर मशीन सुरू झालं, पण क्रॉन चुकलेली वेळ मागं जाऊन भरून काढत नाही. तो पुढच्या वेळेची वाट बघत बसतो. लिनक्समधल्या सिस्टीमडी या दुसऱ्या सोयीच्या टायमरला चुकलेलं काम मशीन सुरू होताच चालवायला सांगता येतं, पण आमची गरज त्याहून वेगळी होती. बिल कितीही उशिरा झालं तरी झालंच पाहिजे, तेही क्रमानं. "उद्या दर बदलणार आहे" हा मेसेज मात्र आठवड्यानं गेला तर माणूस फसतो. म्हणून कोणत्या कालावधीचं बिल अजून बंद व्हायचं आहे याचा तक्ता आम्ही ठेवला. मशीन उठलं की प्रोग्रॅम घड्याळाकडं न बघता आधी तो तक्ता बघतो. आणि प्रत्येक कामावर लिहिलेलं असतं, ते किती उशिरापर्यंत करण्यात अर्थ आहे.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही एक दिवस फक्त यासाठी ठेवतो. एका संस्थेच्या डेटाची नक्कल घेतो, बिल सुरू करतो, शंभरेक उत्पादक झाले की मशीनची वायर ओढतो आणि पुन्हा सुरू करतो. त्या दिवशी आण्णाही आपली वही घेऊन येतात. मागच्या वर्षी गुरांच्या विम्याच्या हप्त्याला नंबर द्यायचा राहिला होता, तो असाच सापडला. या जूनमध्ये वायर तीनदा ओढली. आण्णांनी शेवटची बेरीज दोनदा केली, पैसा न् पैसा जुळला, आणि मग त्यांनी वही मिटली.