ती पिवळी बाई कुठून आणली?

आमच्याकडे आलेली माणसं पोराच्या खोलीत डोकावली की हमखास विचारतात, "ही पिवळी बाई कुठून आणली? आमच्यासाठी पण मागवता येईल का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. ती बाई म्हणजे पिवळी मारबत, आमच्या नागपुरातल्या मिरवणुकीतल्या पुतळ्याचं घरीच केलेलं मोठं चित्र. ती कुठे मिळत नाही आणि आमच्याकडेही एका वर्षापुरतीच असते.

आधी मीसुद्धा भिंतीसाठी तयार चित्रं मागवलीच होती. ढग, चांदण्या, एक झोपाळू अस्वल, खाली इंग्रजीत स्वप्नं मोठी बघा असा उपदेश. पोरगं तेव्हा चार वर्षांचं, त्याला मराठीही वाचता येत नव्हतं. सगळं दुहेरी टेपने चिकटवलं. मे महिन्यात कूलर सुरू झाला, दमट हवेने टेप सुटली अन् एका दुपारी अस्वल पलंगामागे गेलं. ते काढलं, पण टेपेसोबत डिस्टेंपरचे पोपडेही निघाले. पोराला काहीच वाटलं नाही. अस्वल गेलंय हे त्याला दोन दिवसांनी कळलं.

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बाबाने त्याला खांद्यावर बसवून मारबत दाखवायला इतवारीत नेलं. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: सकाळी काळी आणि पिवळी अशा दोन मारबती मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचे पुतळे. सगळे ओरडतात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" शेवटी नेऊन जाळतात. संध्याकाळी तान्हा पोळा, पोट्टे लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. मला वाटलं होतं, हा घरी येऊन नंदीचं चित्र काढेल. यानं मारबत काढली. एका हाताला आठ बोटं, डोळे ताटल्यांएवढे. "हीच पायजे भिंतीवर. मोठी."

सासूबाई ऐकून उभ्याच राहिल्या. "अवो, गावाबाहेर नेऊन जाळाची वस्तू घरात लावते काय? काहून पण?" त्यांचं चूक नव्हतं. पोरगं मात्र हटेना. शेवटी त्यांनीच तोड काढली: "लावाची तर लाव, पन पुढच्या मारबतीला ते बी जाळाची." माझ्या बाकीच्या अडचणीही तिथेच सुटल्या. जे वर्षाने जाणारच आहे, ते भिंतीवर रंगवायचं नाही, चिकटवायचं नाही आणि त्यावर फार पैसेही घालायचे नाहीत.

त्याच्या चित्राची झेरॉक्स काढली, ए-फोर कागदावर. तिच्यावर दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन आखले. चार मोठी कार्डशीटं मागून जोडून त्यांच्यावर नऊ-नऊ सेंटिमीटरचे. मग एकेका चौकोनात जे दिसेल ते तसंच मोठ्यात काढत जायचं. माझ्यासारख्या चित्रकलेत काठावर पास झालेल्या बाईलाही जमतं. फक्त बोटं आठची पाच करायचा मोह आवरावा लागतो. साडेचार पट मोठी झाल्यावर त्या आठ बोटांची जी काही शान आली, ती माझ्या हाताने कधीच आली नसती.

जाळायचं म्हणून ॲक्रिलिक नको म्हटलं, त्याचा धूर कोण घेणार? हळद, गेरू, कोळसा, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवलेलं. हळद पोराने स्वतः फासली, चड्डीसकट. ती उन्हाने उडते. संक्रांतीपर्यंत खिडकीकडचा गाल फिका पडला होता. म्हणे, "मारबतला बरं नाहीये." मग अधूनमधून वाटीत हळद कालवून तिचं औषधपाणी चालायचं.

टांगायची युक्ती शाळेतल्या नकाशाची. वर एक लाकडी पट्टी, खाली एक हलकी पट्टी, मध्ये कागद. भिंतीत ड्रिलने दोन भोकं, प्लास्टिकच्या गिट्ट्या, स्क्रू, एकदाच. कूलरच्या दमटपणाने कागद जरा मऊ पडतो, पण पडत नाही. पलंगाच्या डोक्याशी काहीही लावलं नाही, मारबत समोरच्या भिंतीवर. आणि खाली लावली. आपण मोठ्यांच्या सवयीने चित्राचा मध्य पाच फुटांवर ठेवतो. पोरगं होतं साडेतीन फुटांचं, त्याचे डोळे तीन फुटांच्या जरा वर. म्हणून चित्राचा मध्य तिथे ठेवला आणि खालची कड जमिनीपासून फक्त एक फुटावर आली. पाहुण्यांना ते घसरल्यासारखं वाटतं. वाटू द्या. तो तिच्याशी तोंडाला तोंड लावून बोलायचा.

पहिल्या वर्षी जाळायची वेळ आली तेव्हा रडला, पट्टी धरून बसला. आजीने समजूत काढली की आग-बिग काही नाही, ती आपली दुखणी घेऊन चालली आहे, तिच्या पाठीवर लिहून दे काय काय न्यायचं ते. लिहिता येत नव्हतं, त्याने सांगितलं, मी लिहिलं: ताप, इंजेक्शन, कारलं. गच्चीवर जुन्या घमेल्यात पाच मिनिटांत संपली. मूळ छोटं चित्र फाइलीत आहे, ते जाळत नाही.

तेव्हापासून दर वर्षी जुनी जाते, नवी येते. आता तो दुसरीत आहे. गेल्या मारबतीला बोटं पाचच निघाली, मला जरा वाईटच वाटलं. पाठीवर त्याने स्वतः लिहिलं, 'वजाबाकी'. सासूबाई चष्मा लावून वाचत होत्या. म्हणाल्या, "माहे गुडघे बी लिही रे त्यात. दोन्ही."