तुम्ही विचारलंत म्हणून: हेस्टरनं नाव का सांगितलं नाही?

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ मी कुणालाही वाचायला दिली की पुस्तक परत करताना हाच प्रश्न येतो. हेस्टर प्रिन साऱ्या गावासमोर एकटीच का उभी राहिली? त्या माणसाचं नाव का घेतलं नाही तिनं?

सतराव्या शतकातलं बॉस्टन. तुरुंगातून आणून तिला बाजारातल्या चौथऱ्यावर तीन तास उभं केलंय. कडेवर तीनेक महिन्यांची मुलगी, छातीवर व्यभिचाराची खूण म्हणून लाल कापडाचं ‘ए’ हे अक्षर, तिनंच सोनेरी धाग्यानं सजवलेलं. जमलेल्या बायकांना एवढी शिक्षा कमीच वाटते. एक म्हणते, कपाळावर डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणते, हिला मारूनच टाका. यात अतिशयोक्ती नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा या गुन्ह्याला देहदंड होता, आणि १६४४ मध्ये मेरी लेथम आणि जेम्स ब्रिटन यांना खरोखर फाशी दिली गेली. हॉथॉर्नला ही माणसं परकी नव्हती. सेलमच्या चेटूक खटल्यांतला एक न्यायाधीश त्याचाच पूर्वज.

त्या गर्दीसमोर तिला नाव सांगायची विनवणी करतो तरुण धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल, म्हणजे मुलीचा बापच! ती नकार देते आणि म्हणते, त्याच्याही यातना मलाच सोसता आल्या तर किती बरं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तिचं त्याच्यावर प्रेम आहे.

मला छळतं ते तिचं दुसरं गुपित. त्याबद्दल कुणीच विचारत नाही. त्याच दिवशी तुरुंगात वैद्य म्हणून आलेला म्हातारा तिचा नवरा असतो. रॉजर चिलिंगवर्थ हे त्यानं घेतलेलं खोटं नाव. मी कोण हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर त्या माणसाची अब्रू, पद, जीव सगळं माझ्या हातात असेल, असं धमकावून तो तिला शपथ घालतो. शपथ घेऊन झाल्यावर ती विचारते, यात माझ्या आत्म्याचा नाश तर नाही ना? तो हसून म्हणतो, तुझ्या नाही.

पुढे हाच नवरा डिम्सडेलचा वैद्य होतो, त्याच्याच छपराखाली राहायला येतो आणि वर्षानुवर्षं त्याचं मन उकरत बसतो. डिम्सडेल दार लावून स्वतःला चाबकानं फोडून काढतो. मी महापापी आहे असं भर प्रार्थनेत सांगतो, तर लोक त्याला आणखीच संत मानतात. मला त्याची कीव येते आणि रागही येतो. हेस्टरनं निदान उजेडात शिक्षा भोगली, शिवणकामावर पोट भरलं, आजाऱ्यांच्या उशाशी बसली, आणि गावाची नजर हळूहळू निवळली. ती एकटी सोसतेय हे तो सात वर्षं पाहत होता.

अखेर जंगलात ती त्याला सांगते की तो वैद्य माझा नवरा आहे. मृत्यू समोर असला तरी खोटं कधीच चांगलं नसतं, हे तेव्हा तीच म्हणते. तो आधी भडकतो, तुला क्षमा नाही म्हणतो. ती त्याला मिठी मारते आणि सोडतच नाही. सात वर्षं जगानं तिच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं ते तिनं सोसलं, पण याच्या कपाळावरची आठी तिला सोसवत नाही. प्रेमापोटी राखलेल्या गुपितानं तिला ताठ उभं ठेवलं होतं. भीतीपोटी राखलेल्या गुपिताची क्षमा मात्र तिला त्याच्याकडे मागावी लागली, आणि ती त्यानं दिली.