डॉक्स बंद, पॅकेजही बंद

परवा रात्री जेवून लॅपटॉप उघडला तर मेल आलेली. "तुमचा पोर्ट बिल्ड होत नाहीये." खाली लॉगची शेवटची ओळ: 'पीकेजी-स्टॅटिक: अनेबल टु ॲक्सेस फाइल', आणि पुढे रीडमी या माहितीच्या फाइलचा हातभर लांब पाथ.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर मी दुसऱ्या कुणी लिहिलेल्या एका छोट्याशा युटिलिटीचा पोर्ट, म्हणजे ती बिल्ड करून पॅकेज बनवण्याची कृती, सांभाळतो. माझ्या मशीनवर ती बिनतक्रार बिल्ड होत होती, अधिकृत पॅकेजही व्यवस्थित निघत होतं. दोन मेल गेल्या-आल्यावर उलगडा झाला. त्या गृहस्थांनी मेक डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये डॉक्सचा, म्हणजे माहितीच्या फाइल्स इन्स्टॉल करण्याचा, ऑप्शन सरसकट अनसेट केला होता. जुनं मशीन, छोटी डिस्क. डॉक्स मुळात चालू असतो आणि अधिकृत पॅकेजेस डीफॉल्ट ऑप्शन्सनीच बनतात. म्हणजे डॉक्स बंद ठेवून माझा पोर्ट आजवर कुणी बिल्डच केला नव्हता. मीही नाही, हे कबूल करायला हवं.

चूक एका ओळीची. मेकफाइलमध्ये, म्हणजे पोर्टच्या बिल्ड-सूचनांत, रीडमी कॉपी करण्याचं काम मी 'डॉक्स ऑन असेल तरच' या टार्गेटमध्ये नीट टाकलं होतं. पण पीकेजी-प्लिस्ट या पॅकेजमधल्या फाइल्सच्या यादीत त्याच फाइलच्या ओळीआधी पोर्टडॉक्सची खूण लावायला विसरलो. ती खूण असली की डॉक्स बंद असताना ती ओळ आपोआप कॉमेंट होते, म्हणजे वगळली जाते. नसली की पॅकेज बनवणारा स्टेज डिरेक्टरीत, म्हणजे पॅकेजसाठी फाइल्स तात्पुरत्या जमतात तिथे, ती फाइल शोधत बसतो आणि न सापडल्यावर हात वर करतो.

खूण लावली. म्हटलं, आता बघूनच घेऊ, म्हणून डॉक्स बंद ठेवून, यादी आणि प्रत्यक्ष फाइल्स ताडून पाहणारं मेक चेक-प्लिस्ट चालवलं. तर उलटंच दुखणं: 'ऑर्फन्ड', 'ऑर्फन्ड', 'ऑर्फन्ड'. यादीत नसलेल्या अनाथांची ही रांग! डॉक्सिजन या कोडवरून डॉक्स बनवणाऱ्या टूलने तयार केलेली एचटीएमएल पानं. युटिलिटीची मूळ सीमेक फाइल, म्हणजे लेखकाच्या बिल्ड-सूचना, कुणाला न विचारता ती बनवून इन्स्टॉल करत होती. म्हणजे डॉक्स नकोत म्हणणाऱ्यालाही डॉक्सिजन बिल्डसाठी ओढून आणावं लागत होतं. त्या गृहस्थांची छोटी डिस्क आठवून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग सीमेकमध्ये एक स्विच घालणारा पॅच लिहिला, तो पोर्टच्या ऑप्शनला जोडला आणि डॉक्सिजनची डिपेंडन्सी डॉक्सच्या पदराला बांधली, म्हणजे डॉक्स चालू असतील तरच ते लागेल. एचटीएमएल फाइल्सची नावं प्लिस्टमध्ये एकेक लिहिली होती, ती उडवून पोर्टडॉक्सला नुसता तारा, म्हणजे 'असतील त्या सगळ्या फाइल्स', दिला. डॉक्सिजनची आवृत्ती बदलली की ती नावं बदलतात, आणि दरवेळी तो बाजार आवरायला मला वेळ नाही. मॅन पेजला, म्हणजे टर्मिनलवर वाचायच्या मदतपानाला, मात्र हात लावला नाही. ते डॉक्सच्या हिशेबात धरायचंच नसतं, डॉक्स बंद असले तरी ते जातंच.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचं उत्तर आलं: "झालं, आभार! जाता जाता, उणे के हा फ्लॅग नक्की काय करतो?"

हसू आलं. रीडमीत तर लिहिलंय, म्हणून उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. डॉक्स बंद, म्हणजे त्यांच्याकडे रीडमी होती कुठे? मॅन पेज उघडून पाहिलं. उणे के तिथे नव्हताच.

मूळ लेखकाला दुसरा पॅच त्याच रात्री गेला.