माठाला फुटलेला घाम

मे महिन्यात नागपूर मुंबईपेक्षा कितीतरी जास्त तापतं, पण माठातलं पाणी नागपूरचंच अधिक गार असतं. कारण माठ पाणी गार करतो ते पाझरून. कुंभार मातीत राख, तूस, घोड्याची लीद मळतो. भट्टीत लीद-तूस जळून जातं आणि जागोजाग बारीक छिद्रं उरतात. त्यांतून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून 100 मिली पाणी उडालं आणि बाहेरची उष्णता आत शिरली नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी जवळजवळ 6 अंशांनी उतरतं. मात्र हवेत वाफेला जागा हवी. नागपूरच्या कोरड्या हवेसारखं 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर पाणी फार तर 23 अंशांपर्यंत उतरेल; मुंबईसारख्या 33 अंश आणि 70 टक्क्यांच्या दमट हवेत ते 28च्या खाली जाणारच नाही.

इथे कुणीतरी ‘देण्यातच सुख’ हे सुभाषित काढणार. पण माठाचं औदार्य वगैरे काही नसतं. उडून जातात ते सगळ्यांत चळवळे रेणू. घरातली तापट मंडळी बाहेर पडल्यावर घर निवावं, तसला हा प्रकार.

माठ गार करेनासा होतो त्यात बऱ्याचदा आपलाच हात असतो. हौसेनं बाहेरून ऑइलपेंट फासला की छिद्रं बुजली. घडवंची भिंतीच्या कोपऱ्यात ढकलली की वारा तुटला. साबणानं घासला की वास मातीत मुरला. काथ्या आणि साधं पाणी पुरतं. बोअरच्या जड पाण्यानं दोन-तीन उन्हाळ्यांत क्षारांची पांढरी पापडी धरते, मग माठ घामेजतच नाही. असा माठ कुंडी म्हणून उत्तम.

आता ‘गार’ म्हणजे नेमकं काय? तीन पातेली घ्या: गरम, कोमट, गार. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात मिनिटभर बुडवा, मग दोन्ही कोमट पाण्यात घाला. एक हात गार म्हणेल, दुसरा ऊन. ऊन-गार हा गुण पाण्यात नाही, हे सांगायला सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं हाच दाखला दिला होता. फ्रिजमधल्या 5 अंशांच्या पाण्याला सरावलेल्या माणसाला माठाचं पाणी कोमट लागतं ते याच न्यायानं, आणि त्यात माठाची काही चूक नसते.

तहानेची गंमत तर आणखी पुढची. प्यायलेलं पाणी रक्तात नीट मिसळायला दहा-एक मिनिटं तरी जातात, पण तहान मिनिटभरातच निवते. घशाखाली घोट उतरल्याची वर्दी पोचली की मेंदू पाणी पोचल्याचं गृहीत धरून मोकळा होतो. उन्हातून आलेला माणूस पहिलं फुलपात्र डोळे मिटून पितो, आणि दुसरं अर्धं पिऊन तुळशीत ओततो.