स्लिपवर कापला, पासबुकात दिसेना

पगार स्लिप मालकाच्या कॉम्प्युटरवर निघते. तिच्यावर ‘पीएफ १,६८०’ लिहिलं असेल तर तेवढे पैसे तुमच्या पगारातून गेले, एवढंच सिद्ध होतं. ते भविष्य निर्वाह निधी (पीएफ) संघटनेकडे पोचले का, हे सांगतं फक्त तुमच्या पीएफ खात्याचं पासबुक. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्यांनी आणि दवाखान्या-मॉलमधल्या सिक्युरिटीवाल्यांनी तर ते दर महिन्याला उघडावं. ‘होऊन जाईन ना भाऊ जमा, कायले टेन्शन घेते,’ हे सुपरवायझरचं उत्तर झालं. ती पावती नव्हे.

उघडायचं कधी? एका महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. म्हणजे ऑगस्टच्या पगाराचे पैसे १५ सप्टेंबरपर्यंत. नोंद दिसायला थोडा वेळ जातो, म्हणून २५ तारखेच्या सुमारास बघा. सरकारी उमंग ॲपवर यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा पीएफ नंबर) टाकला की पासबुक दिसतं. यूएएन चालू असेल आणि मोबाइल नंबर व केवायसी (आधार, पॅन किंवा बँक खातं) जोडलेली असेल, तर ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी शेवटचा भरणा मेसेजने कळतो. पण मेसेजवर भागवू नका, महिन्याची पूर्ण ओळ वाचा.

ती ओळ अशी वाचायची. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये. तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८०. मालकाचेही १,६८०, पण त्याचे दोन तुकडे होतात: ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, पेन्शनच्या रकान्यात आणि उरलेले ५१४ पीएफच्या रकान्यात. त्यामुळे व्याज मिळणारी शिल्लक महिन्याला २,१९४ नेच वाढते, ३,३६० ने नाही. ‘मालकानं निम्मेच भरले’ अशा बऱ्याच तक्रारी हा फरक लक्षात न आल्यामुळे होतात. पेन्शनचा हिशेब १५,००० च्या पगारावर थांबतो, म्हणून तिथे १,२५० पेक्षा मोठा आकडा सहसा दिसत नाही. आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सभासद झालेल्याचा पगार तेव्हाच १५,००० च्या वर असेल, तर पेन्शनच्या रकान्यात शून्यच बरोबर.

खरी गडबड बहुधा पगाराच्या आकड्यात असते. हातात १४,००० पडतात, पासबुकात पीएफचा पगार, म्हणजे ज्यावर पीएफ मोजला तो आकडा, ७,००० दिसतो. बाकीचे वॉशिंग, कन्व्हेयन्स, स्पेशल अशा नावांनी वेगळे काढलेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सांगितलं आहे की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा मूळ पगाराचाच भाग धरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तर मापच ठरवून दिलं: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पुन्हा वेतनातच मिळवायचा.

दुसरा प्रकार जास्त निर्लज्ज. स्लिपवर पीएफ दोनदा कापलेला असतो, एकदा तुमचा आणि एकदा मालकाचा. सीटीसीच्या (तुमच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च) कागदावर मालकाचा वाटा मोजून दाखवणं वेगळं. ठरलेल्या पगारातून तोही वसूल करणं बेकायदा आहे, तुमच्याकडून करारावर सही घेतली असली तरी.

आता ओळच गायब असेल तर? आधी संघटनेच्या वेबसाइटवर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये ठेकेदाराचं नाव टाका. त्यासाठी लॉगिन लागत नाही. कोणत्या महिन्याचे किती रुपये आणि किती माणसांचे भरले, हे तिथे दिसतं. गेटवर साठ जण आणि भरणा अठ्ठावीस जणांचा, हे तिथेच उघडं पडतं. ठेकेदाराच्या पीएफ कोडची सुरुवातही बघून ठेवा. एनजीएनएजी म्हणजे नागपूर, पीयूपीयूएन म्हणजे पुणे. ठेकेदार पुण्याच्या कोडवर भरत असेल तर अर्ज नागपूरच्या तुकडोजी पुतळा चौकाजवळच्या भविष्य निधी भवनात देऊन महिने वाया घालवू नका. ऑनलाइन तक्रार करा आणि कार्यालय पुण्याचं निवडा.

तक्रारीआधी मूळ कंपनीच्या एचआरला एक लेखी पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे या मूळ कंपनीवर येते, आणि ठेकेदाराचं बिल त्याच्याच टेबलावरून पास होतं. बिल अडकलं की थकलेले महिने पटापट भरले जातात. आमच्या मते सगळ्यात लवकर चालणारा उपाय हाच. नाहीच हलले, तर ईपीएफआय-जीएमएस या तक्रार पोर्टलवर यूएएन आणि ओटीपीने तक्रार नोंदवा. सोबत कपात दिसणाऱ्या स्लिपा, त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि गेटपास किंवा ओळखपत्र जोडा. ‘पीएफ भरत नाहीत’ एवढंच लिहू नका. महिने एकेक करून आणि प्रत्येकाची रक्कम लिहा. स्लिप देतच नसतील तर हजेरीच्या पानाचा फोटोही कामाचा. कामगाराच्या पगारातून कापून न भरलेला पीएफ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी न्यासभंग ठरू शकतो. पत्रात या कलमाचा एका ओळीत उल्लेख करायला हरकत नाही.

ठेकेदार बदलला की जुनाच यूएएन द्या आणि आधीचं खातं नव्यात ट्रान्सफर झालं का ते बघा. पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर कर लागू शकतो. तुकडे जोडलेले नसले की दोन्हीकडे तुमची वर्षं कमी दिसतात.

नोकरी सुटल्यावर ठेकेदार पीएफ संघटनेच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकत नाही, ही नेहमीची रड. शेवटच्या भरण्याला दोन महिने उलटले की ती तारीख तुम्ही स्वतः ‘मार्क एक्झिट’मधून टाकू शकता. पण थांबा. पोर्टल तारीख घेतं ती शेवटचा भरणा झालेल्या महिन्यातलीच. मे-जूनचे पैसे भरलेच नसतील आणि तुम्ही घाईत एप्रिलची तारीख टाकली, तर एप्रिलनंतर तुम्ही कामावर नव्हताच, असं तुमच्याच हाताने लिहून दिल्यासारखं होतं. आधी मे-जूनची तक्रार करा, भरणा पासबुकात येऊ द्या, मग तारीख टाका.